खून, मानसिक आजार आणि शिक्षा: कायद्यात मधली पायरी का नाही?

वैनगंगा (धागा सुरू करणारी)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "वेडाचं सर्टिफिकेट आणलं की खून माफ." त्याखाली +१ ची रांग लागली. मी जिल्हा न्यायालयात विधी सेवेच्या यादीवरची वकील आहे, आरोपीच्या बाजूने उभी राहते. त्या एका वाक्याचं उत्तर तिथे दोन ओळींत देता येईना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी कायदा. दंड संहितेचं कलम ८४ आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २२ झालंय, आशय तोच. मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सगळं अडतं ते घटनेच्या वेळेवर. महिनाभर आधी मनोरुग्णालयात होता, महिनाभराने पुन्हा दाखल झाला, एवढ्याने भागत नाही. त्या तासाला त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते दाखवावं लागतं.

याचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यात सापडतं. टोरी पक्षाचे लोक आपला पाठलाग करताहेत, छळताहेत असं डॅनियल मॅक्नॉटनच्या मनाने घेतलं होतं. त्याने गोळी झाडली ती पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खासगी सचिवावर. तो निर्दोष ठरला, देशभर गदारोळ झाला, आणि मग तिथल्या संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून नियम सांगायला लावले. म्हणजे ज्या नियमांना आज लोक ढिले म्हणतात, ते लोकांच्या संतापानंतर मुद्दाम घट्ट केलेले आहेत.

आणि हे सिद्ध करायचं आरोपीने. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते नीट मांडलंय. भार आरोपीवर आहे, पण सरकार पक्षाइतका जड नाही. 'असं असण्याची शक्यता जास्त' इथपर्यंत पोचलं तरी पुरे. शिवाय त्याच्या पुराव्यामुळे खुनाच्या हेतूबद्दलच वाजवी शंका आली, तरी फायदा त्याला. खुद्द ठक्करांना मात्र तो मिळाला नाही. पत्नीच्या अंगावर ४४ जखमा होत्या, शिक्षा कायम झाली.

बचाव टिकला असा एक खटला आपल्याच राज्यातला आहे, श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल २००२ चा. आरोपी पोलीस शिपाई. एप्रिल १९९४ मध्ये बायकोशी भांडण झालं, ती न्हाणीघरात कपडे धूत असताना त्याने वाटण्याचा दगड तिच्या डोक्यात घातला. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने कलम ८४ चा फायदा दिला. कशावरून, ते बघा. वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं (लोक आपल्या वाईटावर आहेत असा संशय, भास होणारा तीव्र मनोविकार). घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ एवढ्या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. दिवसाढवळ्या खून करून तो पळाला नाही की काही लपवलं नाही. आणि कारण काय, तर नोकरी सोडायला बायकोचा विरोध. यातला एकेक मुद्दा सुटा धरला तर काहीच सिद्ध होत नाही. न्यायालयाने सगळं एकत्र वाचलं.

आता माझा खरा मुद्दा. भोसलेंना फायदा मिळाला कारण कागद होते आणि आजार पुरेसा तीव्र ठरला. त्याच्या जरा अलीकडे जो उभा आहे, ज्याला आपण मारतोय हे कळतंय पण का मारतोय हे आजार ठरवतोय, त्याला आपल्या कायद्यात जागा नाही. खून शाबीत झाला की न्याय संहितेच्या कलम १०३ खाली कमीत कमी शिक्षा जन्मठेप. त्याखाली उतरायचा अधिकार न्यायाधीशाला नाही, त्याला कितीही वाटलं तरी. आणि फाशी होऊ शकत असलेल्या गुन्ह्यात जन्मठेपेचा कैदी सवलत धरूनही १४ वर्षांच्या आत सुटत नाही.

याउलट रागाला सूट आहे! गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाली, अचानक हाणामारी जुंपली, तर तोच खून सदोष मनुष्यवधावर येतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत खाली येऊ शकते. असे पाच अपवाद कायद्याने मोजून दिलेत. त्यात आजार नाही. निरोगी माणसाचा क्षणभर गेलेला तोल कायदा समजून घेतो, आणि वर्षानुवर्षं आजाराने ढासळलेल्या माणसाला म्हणतो, एक तर पूर्ण वेडा हो, नाहीतर पूर्ण गुन्हेगार.

तुमचं काय मत?

माळरान

लेख माहितीपूर्ण. पण माफ करा, पटलं नाही. पैसेवाला आरोपी मोठा वकील करेल, खासगी डॉक्टरचा कागद आणेल आणि 'मधल्या पायरी'वर आरामात बसेल. गरीब जन्मठेपेतच. पायरी बांधून देण्याआधी हे रोखणार कसं ते सांगा.

वैनगंगा

माळरान, रास्त प्रश्न. पण आज काय चाललंय? ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे उपचारांची फाईल असते. गरिबाकडे ती नसते, म्हणून आजार खरा असूनही तो हरतो. मी ज्यांच्यासाठी उभी राहते त्यातल्या बहुतेकांची पहिली मानसिक तपासणी अटकेनंतर होते, तीही तुरुंगात कुणाच्या लक्षात आलं तर.

आणि 'माफ' म्हणाल, तर कलम २२ खाली निर्दोष ठरलेला माणूस त्याच दिवशी एसटी पकडून गावी जात नाही. कृत्य त्यानेच केलं की नाही हे न्यायालय निकालात नोंदवतं. केलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७४ प्रमाणे एक तर सुरक्षित ताब्यात, बहुधा मनोरुग्णालयात, नाहीतर जामीन घेऊन नातेवाइकाच्या हवाली. त्यातून बाहेर पडायला मुदत ठरलेली नाही. जन्मठेपेच्या कैद्याला निदान सवलतीचे नियम असतात.

आसामच्या मचांग लालुंग यांचं उदाहरण खुनाचं नाही, पण इथे सांगायलाच हवं. १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपाखाली अटक झाली, पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते ठीक असल्याचं कळवलं. सुटका कधी? २००५ मध्ये. खटला कधी चाललाच नाही.

पिंपळपान

मी मनोविकारतज्ज्ञ. सरकारी मनोरुग्णालयात काम केलंय. (आपल्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तुरुंगातून येणारे बहुतेक इथेच येतात.) नाटकाबद्दल आधी बोलतो, कारण त्याची लोकांना फार काळजी असते.

एका भेटीत फसवणं शक्य आहे. पण न्यायालयाच्या आदेशाने आलेला आरोपी आमच्याकडे वॉर्डात राहतो. रात्रपाळीची परिचारिका त्याची झोप लिहिते, आया त्याचं जेवण बघते. आजाराचं सोंग आणणारा डॉक्टर आला की बडबडतो आणि डॉक्टर गेला की शेजारच्याशी क्रिकेटवर गप्पा मारतो. खऱ्या रुग्णाचं बरोबर उलटं असतं. तो आपला संशय आमच्यापासून लपवतो, 'मला काही झालेलं नाही' हे हट्टाने सांगतो, कारण त्याच्या लेखी तो आजारी नाहीच, लोकच त्याच्या वाईटावर आहेत. "मी वेडा आहे, मला सोडा" असं म्हणणारा स्किझोफ्रेनियाचा तीव्र रुग्ण विरळा.

आमची खरी अडचण वेगळी आहे. न्यायालय विचारतं, घटनेच्या वेळी मनःस्थिती कशी होती? आणि माणूस आमच्यासमोर येतो कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. तोवर तुरुंगातल्या गोळ्यांनी तो शांत झालेला असतो. मी प्रामाणिकपणे लिहितो, "सध्या लक्षणं नाहीत." आणि माझं तेच वाक्य त्याच्याविरुद्ध वाचलं जातं.

वैनगंगाताईंनी म्हटलेला 'अलीकडे उभा असलेला' माणूस मी पाहिलाय. ओळख पटू नये म्हणून काल्पनिक करून सांगतो. समजा एकाच्या मनात दोन वर्षांपासून घट्ट बसलंय की शेजारी आपल्या पाण्याच्या टाकीत विष कालवतोय. त्याने पाणी उकळलं, मग प्यायचंच सोडलं, पोलीस चौकीत तीनदा तक्रार दिली, हसून परत पाठवलं गेलं. एके सकाळी तो कोयता घेऊन गेला. आपण माणूस मारतोय हे त्याला कळतंय, पोलीस धरतील हेही. म्हणजे कलमाची दोन्ही दारं बंद. पण ती टाकी त्याच्या आजाराने निर्माण केली, त्याने नव्हे. याला आणि सुपारी घेऊन मारणाऱ्याला एकच किमान शिक्षा, हे डॉक्टर म्हणून मला बघवत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कधीही कुणावर हात उगारत नाहीत. हा धागा वाचून कुणी घरातल्या रुग्णाकडे भीतीने बघू नये.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असते. ही मधली पायरी इथे १९५७ पासून आहे, डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी नावाने. मानसिक आजाराने समज किंवा ताबा बराच कमी झाला असेल तर गुन्हा मर्डरऐवजी मॅनस्लॉटर (आपल्या सदोष मनुष्यवधासारखा) होतो आणि शिक्षेबाबत न्यायाधीशाचे हात मोकळे होतात. पण ती आली म्हणजे प्रश्न मिटले असं समजू नका.

नॉटिंगहॅमचं प्रकरण आठवत असेल. जून २०२३ मध्ये एकाने रस्त्यात तिघांना भोसकून मारलं, त्यात १९ वर्षांचे दोन विद्यार्थी होते. पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. जानेवारी २०२४ मध्ये सरकार पक्षाने मॅनस्लॉटरची कबुली मान्य केली आणि शिक्षा म्हणून अतिसुरक्षित रुग्णालयात बेमुदत रवानगी झाली. मृतांच्या घरच्यांचा संताप आजही शमलेला नाही. शिक्षा फारच सौम्य म्हणून प्रकरण अपील न्यायालयात गेलं, तिथे मे २०२४ मध्ये ती कायम राहिली.

आधी काय घडलं होतं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. त्याला सक्तीने पुन्हा पुन्हा दाखल केलं होतं. २०२२ मध्ये तो भेटत नाही, येत नाही म्हणून आरोग्यसेवेने त्याला आपल्या यादीतून काढून फॅमिली डॉक्टरकडे सोपवून दिलं. त्याच्या अटकेचं वॉरंट निघालेलं होतं, बजावलं गेलं नाही. शिक्षेवर भांडताना हे मागे पडतं.

उलट 'यॉर्कशायर रिपर' म्हणून ओळखल्या गेलेल्या मालिका-खुन्याचा खटला, १९८१. बचावाचे आणि सरकारचे सगळे डॉक्टर स्किझोफ्रेनियावर एकमत होते, तरी न्यायाधीशांनी मॅनस्लॉटरची तडजोड नाकारली आणि ज्युरीने १३ खुनांसाठी दोषी धरलं. तीन वर्षांत त्याला तुरुंगातून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात हलवावंच लागलं. पायरी असूनही लोकांच्या संतापापुढे ती कधी कधी चालत नाही.

अबोली

मी सहसा फक्त वाचते. आज लिहितेय.

माझ्या मावशीचा खून झाला. करणारा त्याच गल्लीतला मुलगा, लहानपणी तिच्या हातचं खाल्लेला. तो आजारी होता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याच्या आईला हिणवलं जायचं, पण मदतीला कुणी गेलं नाही, आमचं घरही नाही. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून मनोरुग्णालयात पाठवलं.

वैनगंगाताई, तुमचा राग मला समजतो. पण मावशीच्या मुलीला निकाल कळला तो बातमीतून. तो आत किती दिवस राहील, बरा झाला तर गल्लीत परत येईल का, आला तर आम्हाला आधी कुणी सांगेल का, याचं उत्तर कुणाकडेच नाही. ती अजून रात्री दाराला आतून कपाट लावते. मला त्याला फाशी नको आहे. जन्मठेपही नको. आम्हाला कुणी विचारायला हवं होतं.

वैनगंगा

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. मी आरोपीची वकील आहे, पण तुमच्या म्हणण्यातल्या एकाही शब्दाशी माझं भांडण नाही.

कायद्यात आहे ते असं: मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला सोडण्यात धोका नाही असं तपासणाऱ्यांनी प्रमाणित केलं, की सरकार त्याच्या सुटकेचा, ताब्यात ठेवण्याचा किंवा दुसरीकडे हलवण्याचा आदेश देऊ शकतं. कलम ३७७. त्या कलमात मृताच्या घरच्यांना कळवायची, त्यांचं ऐकायची तरतूद नाही. ती असायला हवी. शिक्षेची मधली पायरी आली तर तिच्यासोबत हेही लिहून घ्यावं लागेल, नाहीतर तुमच्यासारख्या घरांना ती दुसरी फसवणूक वाटेल आणि ते बरोबरच असेल. तूर्त मावसबहिणीने सत्र न्यायालयाकडे आणि सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्यावा, सुटकेचा विचार होईल तेव्हा आम्हाला कळवावं म्हणून. कायद्याने बंधन नसलं तरी अर्ज फाईलला लागतो आणि फाईल उघडणाऱ्याला तो दिसतो.

टेकडीवरचा

मग फाशीच्या प्रकरणांत तरी आजाराला वजन आहे का? की तिथेही हेच?

वैनगंगा

आहे, आणि हीच तर विचित्र गोष्ट आहे. आजाराला शिक्षा ठरवताना जे काही वजन मिळतं ते फाशी की जन्मठेप एवढ्याच फांदीवर.

१९८० च्या बचन सिंग खटल्यात वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची यादी मांडली. तीव्र मानसिक किंवा भावनिक क्षोभात केलेलं कृत्य, आणि मानसिक दोषामुळे आपल्या वागण्यातला गुन्हा ओळखायची कमी झालेली कुवत, दोन्ही त्यात होते. न्यायालयाने त्यांना मोठं महत्त्व द्यायला सांगितलं. पुढे जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात १५ जणांची फाशी रद्द झाली, बहुतेकांची दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे, पण त्यातल्या दोघांच्या बाबतीत मानसिक आजारही कारण धरला.

आणि २०१९ चा निकाल महाराष्ट्रातला आहे. आरोपीचं नाव निकालात नाही, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या गोपनीयतेमुळे त्याला फक्त 'अ‍ॅक्युज्ड एक्स' म्हटलंय. दोन लहान मुलींवर अत्याचार आणि खून, १९९९ ची घटना. गुन्हा इतका भयंकर की तपशील लिहिणार नाही. पुनर्विचार याचिकेत न्यायालयाने म्हटलं, शिक्षा झाल्यानंतरचा मानसिक आजारही फाशीविरुद्ध धरता येईल, पण तो इतका तीव्र हवा की शिक्षा काय आहे आणि कशासाठी आहे हेच त्या माणसाला समजू नये. फाशी गेली, मरेपर्यंत तुरुंगवास आला, आणि त्याच्या उपचारांचं बघायला राज्य सरकारला सांगितलं.

मला सर्वांत कामाचा वाटतो तो मे २०२२ चा मनोज विरुद्ध मध्य प्रदेश. फाशी होऊ शकते अशा खटल्यात आरोपीचं मानसिक मूल्यमापन सरकारने खटल्याच्या टप्प्यावरच, शक्यतो आधीच करून ठेवावं असं त्यात आहे. पिंपळपान म्हणाले ती 'कित्येक महिन्यांनी' वाली अडचण तिथे थोडी तरी सुटते. हीच सक्ती प्रत्येक खुनाच्या खटल्यात, अटकेनंतर लगेच, का करू नये? त्याला नवा गुन्हा, नवं कलम लागत नाही. माळरान, तुमच्या पैसेवाल्याच्या प्रश्नालाही हेच उत्तर: डॉक्टर सरकारी, तपासणी सगळ्यांची.

माळरान

हे पटण्यासारखं आहे. सगळ्यांची सरसकट तपासणी असेल तर माझा आक्षेप निम्म्याने कमी होतो. पण चार रुग्णालयांत तेवढी माणसं आहेत का?

पिंपळपान

नाहीत. म्हणूनच जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाने निदान पहिली सविस्तर नोंद करायला हवी: झोप, बोलणं, संशय, भास, आधीचे उपचार, घरच्यांचा जबाब. ती पानभर नोंद पाच वर्षांनी सोन्याची ठरते.

'टेकडीवरचा' यांच्या प्रश्नात भर: दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए या संशोधन गटाने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास मांडला. ६२.२ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, ११ टक्के बौद्धिक अक्षमतेचे. यातला बराच आजार फाशीच्या छायेत राहून आलेला असू शकतो, त्यामुळे 'म्हणून त्यांनी गुन्हा केला' असा अर्थ कृपया काढू नका.

वाटसरू

इथे विचारू की नको असं झालंय, पण विचारतो. माझा चुलत भाऊ जन्मठेपेत आहे. काकांना त्याने मारलं. आधी चार वर्षं तो एकटाच बोलायचा, भिंतीला कान लावून बसायचा. आम्ही देवऋषी केले, अंगारे लावले, मग तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या. खटल्यात काकू एवढंच म्हणाली, "पोरगा तापट होता." तिला वाटलं वेडा म्हटलं तर त्याच्या बहिणीचं लग्न मोडेल. न्यायालयाने म्हटलं, आजाराचा पुरावा नाही. अपील उच्च न्यायालयात आहे. माझ्याकडे एका बुटांच्या खोक्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि दोन चिठ्ठ्या आहेत, एकीवर तारीख दिसते. याचा आता काही उपयोग आहे का?

वैनगंगा

वाटसरू, उपयोग आहे. खोकं जसं आहे तसं ठेवा, काही पुसू नका, क्रम लावू नका. सगळ्याचे फोटो काढून अपिलाच्या वकिलांना आजच पाठवा. त्यांना नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२ सांगा (जुनं ३९१): अपील न्यायालयाला गरज वाटली तर ते जादा पुरावा घेऊ शकतं. हक्काने मिळत नाही, मागावं लागतं, आणि खटल्यात हे का आलं नाही ते सांगावं लागतं. काकूंनी का लपवलं हे त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर त्याला वजन येईल. बहिणीच्या लग्नाची भीती न्यायाधीशांना कळते.

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे जुनी नोंदवही असेल तर वकिलांमार्फत तिची नक्कल मागा, स्वतः जाऊन वाद घालू नका. भाऊ तुरुंगात आल्या दिवसापासून त्याला कुठल्या गोळ्या मिळाल्या, कितीदा मनोरुग्णालयात नेलं, याच्या नोंदी तुरुंगाच्या रुग्णालयात असतात, त्या अर्ज करून मागवा. भोसले खटल्यात घटनेनंतरच्या त्या २५ फेऱ्याच कामाला आल्या होत्या. वकील परवडत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, तुरुंगातूनही करता येतो. मला निरोप पाठवा, अर्जाचा मसुदा करून देते.